चार नावं, एक जीव? सॅक्युलिफरवरचे तीन शोधनिबंध वाचताना

अरबी समुद्राच्या उबदार भागातला खोल तळाचा गाळ घ्या, चाळणीवर धुवा, वाळवा आणि दीडशे मायक्रॉनच्या वरचा भाग काळ्या ट्रेमध्ये पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. बहुतेक वेळा पहिल्या पाच-दहा मिनिटांतच एक गुटगुटीत कवच समोर येतं. भिंत मधमाशीच्या पोळ्यासारखी, पोटाकडे एक मुख, पाठीकडे सांध्यांवर दोन-तीन जास्तीची भोकं. कधी शेवटचा कप्पा गोल असतो, तर कधी पिशवीसारखा लांबट, लोंबता. आता या कवचाला नाव काय द्यायचं?

तुमच्यासमोर निदान चार पर्याय आहेत: ट्रायलोबस, इमॅच्युरस, क्वाड्रिलोबॅटस आणि सॅक्युलिफर. शेजारच्या टेबलावरची सीनियर म्हणेल, "सगळं सॅक्युलिफर लिही, जेनेटिक्सने ते कधीच सिद्ध केलंय." गाईड म्हणतील, "चारही वेगळे मोज." दोघांकडेही दाखवायला निबंध असेल. म्हणूनच आज तीन निबंध एकत्र वाचू आणि प्रत्येकाचं नेमकं म्हणणं काय, ते कुठपर्यंत टिकतं आणि लोक त्याच्या नावावर काय काय खपवतात, ते पाहू.

आधी शब्दांबद्दल थोडंसं. वर्तमानपत्रं स्पीशीजला सर्रास 'प्रजाती' म्हणतात, आणि जुन्या शास्त्रीय परिभाषेत प्रजाती म्हणजे जीनस. हा घोळ टाळायला इथे मी जीनसला जीनस आणि स्पीशीजला जाती म्हणणार आहे. फोरॅमिनिफेरा म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेलच: समुद्रातले एकपेशीय जीव, त्यातल्या आपल्या प्लवक गटाचं कवच कॅल्साइटचं, आणि जीव संपला की ते कवच तळाशी जाऊन गाळात साठतं. तळाच्या गाळात आपल्याला जीव कधीच भेटत नाही, भेटतं ते कवच. आजचा सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

चार नावांमागचे निकष साधे आहेत. ट्रायलोबसमध्ये शेवटच्या वेढ्यात तीन कप्पे असतात आणि शेवटचा कप्पा आधीच्या सगळ्या कप्प्यांना एकत्र धरलं तरी त्यांच्याहून मोठा असतो. मुख बारीक फटीसारखं. इमॅच्युरसमध्ये शेवटचा कप्पा तेवढा दांडगा नसतो. क्वाड्रिलोबॅटसच्या शेवटच्या वेढ्यात चारच्या आसपास कप्पे दिसतात आणि मुखाची कमान जास्त उघडी असते. सॅक्युलिफरची ओळख म्हणजे ती पिशवी. कागदावर हे छानच वाटतं. ट्रेवर मात्र ट्रायलोबस आणि इमॅच्युरस यांच्यामध्ये रेष कुठे मारायची हे दर दहाव्या कवचाला नव्याने ठरवावं लागतं, कारण कप्प्याचा आकार पायऱ्यापायऱ्यांनी वाढत नाही, सलग वाढत जातो. सलग गोष्टीवर आपण पायऱ्या लादतोय, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

पहिला निबंध २०१३ चा, आंद्रे आणि सहकाऱ्यांचा, 'पॅलिओबायॉलॉजी' या नियतकालिकात आलेला. त्यांनी जिवंत प्लवक गोळा केले, त्यांची रूपं नोंदवली आणि राइबोसोमल डीएनए वाचला. चारही रूपांमध्ये जनुकीय फरक सापडला नाही. निबंधाच्या शीर्षकातच एक छोटी कोपरखळी आहे. फोरॅममध्ये तोवर उलटी गोष्ट गाजत होती: कवच एकसारखं दिसतं पण डीएनए वेगळा, म्हणजे 'छुपी' जाती. इथे कवचं उघड वेगळी आणि डीएनए एकच.

या निबंधावर सगळ्यात आधी सुचणारी शंका अशी की वाचलेलं जनुकच इतकं मंद असेल तर? फरक असेलही, पण या जनुकात उमटला नसेल. शंका रास्त आहे, पण मला ती टिकाऊ वाटत नाही, आणि त्याचं कारण शेजारच्याच गटात आहे. ग्लोबिजेरिनॉइडीस रूबर घ्या. कित्येक वर्षं आपण 'पांढरा रूबर' असं एकच नाव लिहीत होतो. त्याच राइबोसोमल डीएनएने दाखवलं की त्यात एकाहून अधिक वंशरेषा दडलेल्या आहेत. २०११ मध्ये ऑराह्स आणि सहकाऱ्यांनी त्यातली एक रेषा दॉर्बिनीच्या जुन्या 'एलोंगॅटस' या नावाशी जोडली, आणि २०१९ मध्ये मोरार आणि सहकाऱ्यांनी गुलाबी आणि पांढऱ्या रूबरला वेगळ्या उपजातींची नावं दिली. म्हणजे रूबरमध्ये फरक पकडणारी फूटपट्टी सॅक्युलिफरमध्ये फरक दाखवत नाही. फूटपट्टीच बोथट आहे असं म्हणायला मग जागा उरत नाही. फार अलीकडे फुटलेल्या फांद्या तिच्यातून सुटू शकतात, हे मान्य. पण ही चार नावं अलीकडची नाहीत, यांची कवचं मायोसीनमध्ये सापडतात. चार रूपं खरोखरच तेव्हापासून वेगळी चालत आली असती, तर डीएनएत त्याचा माग नक्की दिसला असता.

शिवाय जीवशास्त्रही त्याच बाजूने बोलतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या सॅक्युलिफरमध्ये पिशवी हा शेवटचा कप्पा असतो. जीव युग्मकं सोडण्याआधी, म्हणजे आयुष्याच्या अगदी अखेरीला, तो बनवतो, आणि कधी बनवतच नाही. म्हणजे काल ज्याला तुम्ही ट्रायलोबस म्हटलं असतं, त्यालाच आज सॅक्युलिफर म्हणाल. खरं तर लीरॉय यांनी १९३९ मध्ये सुमात्रामधल्या जीवाश्मांवरून इमॅच्युरस हे नाव दिलं तेव्हा त्याला सॅक्युलिफरचा एक प्रकार म्हणूनच दिलं होतं. नावाचा अर्थच 'अपरिपक्व'. डीएनए यायच्या कितीतरी आधी नावातच अंदाज बांधलेला होता!

इथवर मी २०१३ च्या निबंधासोबत आहे. अडचण त्याच्या पुढच्या पावलाशी आहे, आणि ते पाऊल निबंधापेक्षा त्याचे वाचक जास्त टाकतात: 'म्हणून जीवाश्मांतही हे सगळं एकच धरा.'

थांबा. डीएनए आजचा आहे. तो सांगतो की आज जे जिवंत आहेत ते एक आहेत. पण गाळातली नोंद आजची नाही. ट्रायलोबस रूप मायोसीनच्या सुरुवातीला दिसायला लागतं, आणि पिशवीवालं रूप त्याच्यानंतर येतं. मध्ये असा काळ आहे जेव्हा समुद्रात पिशवी बनवणारं कोणीच नव्हतं. एक उदाहरण घ्या. आजच्या झाडावर कैरी आणि आंबा या एकाच फळाच्या दोन अवस्था आहेत, त्यांना दोन जाती म्हणणं वेडेपणा ठरेल. पण समजा जमिनीत असे थर सापडले जिथे कैऱ्याच कैऱ्या आहेत आणि पिकलेला आंबा औषधालाही नाही, आणि असे थर लाखो वर्षं सलग आहेत. तिथे कोणी म्हणालं, "आजच्या झाडावर दोन्ही एकच असतात, तेव्हा हाही आंबाच," तर तुम्ही ऐकून घ्याल का? तुम्ही म्हणाल, हे पिकतच नसलेलं काहीतरी वेगळं झाड होतं, आणि पिकणं केव्हा सुरू झालं हाच तर खरा प्रश्न आहे. दोन्हींना एकच नाव दिलंत की तो प्रश्न विचारायची सोयच जाते.

म्हणजे मुद्दा असा: एकाच कवचाकडे पाहून 'हा ट्रायलोबस की पिशवी न बनवलेला सॅक्युलिफर' हे सांगता येत नाही. समूहाकडे पाहून येतं. नमुन्यात एकही पिशवी नाही, वरच्या नमुन्यातही नाही, त्याच्या वरच्यात अचानक आहेत. ही माहिती मिळवायची तर मोजताना रूपं वेगळी लिहिलेली असली पाहिजेत. मोजताना एकत्र केलेली रूपं नंतर वेगळी करता येत नाहीत, वेगळी लिहिलेली मात्र केव्हाही बेरजेत टाकता येतात. वर उल्लेख केलेल्या सीनियरला एवढंच सांगा.

आता एक नावाचा पेच, जो मला या सगळ्यात फार गमतीचा वाटतो. प्राणिनामकरणाच्या नियमसंहितेनुसार एकाच जातीला अनेक नावं दिली गेली असतील तर सर्वांत जुनं वैध धरायचं. क्वाड्रिलोबॅटस हे नाव दॉर्बिनीने १८४६ मध्ये व्हिएन्ना खोऱ्यातल्या जीवाश्मांवरून दिलं. ट्रायलोबस हे रॉइसने १८५० मध्ये, पोलंडमधल्या व्हिएलिच्काच्या मिठाच्या खाणीतून. सॅक्युलिफर ब्रॅडीने १८७७ मध्ये दिलं, पॅसिफिकमधल्या न्यू आयर्लंड बेटावरच्या खडूसारख्या खडकातून. इमॅच्युरस त्यानंतर बासष्ट वर्षांनी. मग चारही एकच असतील तर नाव कोणतं? क्वाड्रिलोबॅटस! पण आजच्या जिवंत जातीला सगळं जग सॅक्युलिफर म्हणतं.

यातून सुटायचा एक मार्ग म्हणजे नामकरण आयोगाकडे अर्ज करून रूढ नाव टिकवून घेणं. दुसरा मार्ग तर्काचा आहे: व्हिएन्ना आणि व्हिएलिच्काचे मूळ नमुने मध्य मायोसीनचे आहेत, युरोपच्या पोटात तेव्हा पसरलेल्या, बऱ्याच अंशी बंदिस्त समुद्रातले. त्यांचा डीएनए कधीच मिळणार नाही, तेव्हा ते आजच्या जातीशी एकच आहेत हे सिद्ध झालेलं नाही. ठीक. पण हा दुसरा मार्ग धरलात, तर तुम्ही जीवाश्म रूपं वेगळी असू शकतात हे कबूल केलंत. 'मायोसीनपासून आजवर सगळं एकच' असंही म्हणायचं आणि नाव मात्र सॅक्युलिफर ठेवायचं, असे दोन्ही हातांत लाडू मिळत नाहीत. कोणताही निबंध वाचताना लेखकाने यातला कोणता लाडू उचललाय ते शोधा. बऱ्याचदा लेखकालाही ठाऊक नसतं.

दुसरा निबंध २०१५ चा, स्पेझाफेरी आणि सहकाऱ्यांचा, 'प्लॉस वन'मधला. हा जातीपेक्षा जीनसबद्दल आहे. ग्लोबिजेरिनॉइडीस हे जीनस कशमनने १९२७ मध्ये केलं, आणि व्यवहारात त्याची ओळख एकाच गोष्टीवर टिकून होती: पाठीवरची पूरक छिद्रं. छिद्रं दिसली की ग्लोबिजेरिनॉइडीस, इतकं सोपं. स्पेझाफेरी यांनी जीवाश्म आणि डीएनए दोन्ही बाजूंनी दाखवलं की ही छिद्रं एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उगवली आहेत. रूबरचा गट वेगळा, सॅक्युलिफरचा गट वेगळा. म्हणून सॅक्युलिफरच्या गटाला त्यांनी ट्रायलोबॅटस हे नवं जीनस दिलं.

हे पटण्यासारखं आहे, आणि हातातल्या कवचावर तपासताही येतं. रूबरचं मुख पाहा: ते आधीच्या दोन कप्प्यांच्या सांध्यावर नीट मध्यभागी, सममित बसलेलं असतं. सॅक्युलिफर गटात तशी सममिती नसते. भिंतीचा पोतही वेगळा. एकदा नजर बसली की छिद्रांकडे न बघताही फरक कळतो.

त्याहून रंजक भाग असा की डीएनएमध्ये सॅक्युलिफर रूबरपेक्षा ऑर्ब्युलिनाच्या जवळ पडतो. ऑर्ब्युलिना म्हणजे तो गोल चेंडू, ज्यात शेवटचा कप्पा आधीचं सगळं कवच पोटात घेतो. दिसायला दोघांत काहीच साम्य नाही. पण ब्लो यांनी १९५६ मध्येच, थरामागून थर पाहत, ट्रायलोबसच्या गटातून बिस्फेरिकस, मग प्रीऑर्ब्युलिना आणि मग ऑर्ब्युलिना अशी साखळी मांडली होती. साध्या सूक्ष्मदर्शकाने आणि संयमाने! जेनेटिक्सने जीवाश्मवाल्यांना शिकवलं असं आपण सहज म्हणतो. इथे जेनेटिक्सने त्यांच्या म्हणण्यावर शिक्का मारला.

पण याच जागी माझा आक्षेप आहे. ऑर्ब्युलिना ट्रायलोबॅटसच्या आतून निघाला असेल, तर ऑर्ब्युलिनाला बाहेर ठेवून केलेलं ट्रायलोबॅटस हे पूर्ण कुटुंब नव्हे. आजोबा, काका सगळे घरात आणि एक नातू मात्र वेगळ्या आडनावाचा. जुनं जीनस मोडण्याचं कारण 'ते नैसर्गिक गट नाही' हे होतं, आणि नवंही काटेकोर अर्थाने संपूर्ण गट नाही. लेखकांच्या बाजूने बोलायचं तर दोन दोषांत फरक आहे. वेगवेगळ्या घरांतली माणसं एका छपराखाली कोंबणं हा मोठा दोष. एका घरातल्या वंशजाला वेगळं नाव देणं हा लहान, आणि जीवाश्मांत जवळजवळ अटळ, कारण आपण पूर्वज आणि वंशज दोघांनाही नाव देतो. ऑर्ब्युलिनाच्या बाबतीत मला हे चालतं. चेंडू इतका वेगळा आहे की त्याला स्वतंत्र जीनस दिल्याने उपयोग होतो. तिसऱ्या निबंधाकडे जाताना मात्र हा आक्षेप खिशात ठेवा.

(आणखी एक व्यावहारिक गोष्ट: नाव बदललं म्हणून जुने निबंध बदलत नाहीत. ग्लोबिजेरिनॉइडीस सॅक्युलिफर, ट्रायलोबॅटस सॅक्युलिफर, आणि साठच्या दशकातल्या लेखांत ग्लोबिजेरिनॉइडीस क्वाड्रिलोबॅटस सॅक्युलिफर, तिन्ही शोधा. आपल्याकडच्या अनेक लॅबमध्ये टेबलावर असणारा केनेट आणि बनारस हिंदू विद्यापीठाचे श्रीनिवासन यांचा १९८३ चा ॲटलसही जुन्या जीनसच्या नावानेच बोलतो. म्हणून तो जुना झाला असं समजू नका. त्यातली चित्रं आणि वंशरेषा अजून कामाच्या आहेत, फक्त नावाची पाटी बदलून वाचा.)

तिसरा निबंध पूल आणि वेड यांचा, २०१९ चा. सॅक्युलिफरचा सगळा गोतावळा आणि त्यातून निघालेली ग्लोबिजेरिनॉइडेसेला फिस्टुलोसा, यांचं पद्धतशीर वर्णन. नवशिक्याला मी तिघांतला आधी हाच द्यायला सांगेन. कारण साधं आहे: यात बोलणं कवचाबद्दल आहे. रूपांची स्वतंत्र वर्णनं आहेत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं आहेत, आणि मधल्या, अडचणीच्या रूपांना टाळलेलं नाही. बहुतेक ॲटलस आदर्श नमुना दाखवतात, आणि तुमच्या ट्रेमध्ये आदर्श नमुना सहसा नसतो.

फिस्टुलोसावर इतका जोर का, ते समजून घ्या. शुबर्टने १९१० मध्ये न्यू गिनीच्या जीवाश्म गाळातून तिचं वर्णन केलं. सॅक्युलिफरच्या पिशवीच्या जागी हिच्या कप्प्यांना हाताच्या पंजासारखी पोकळ बोटं फुटलेली असतात. दिसायला सगळ्या गटात देखणी. पण महत्त्व देखणेपणाचं नाही. ती नाहीशी होते ती वेळ कालगणनेत वापरतात. वेड आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या मोजपट्टीनुसार १८.८ लाख वर्षांपूर्वी, म्हणजे ओल्डुवाई या चुंबकीय कालखंडाच्या आत. उष्णकटिबंधीय विभागणीत पीएल ६ हा पट्टा तिथे संपतो आणि पीटी १ए सुरू होतो. तुमच्या गाभ्यात फिस्टुलोसा वरच्या दिशेने शेवटची जिथे दिसली, तिथे तुम्ही १८.८ लाख अशी खूण करता, आणि त्या खुणेवर पुढचं सगळं गणित उभं राहतं.

आता प्रश्न: किती बोटं फुटली की फिस्टुलोसा? एक? सॅक्युलिफरची पिशवी कधी टोकदार असते, कधी दुभंगलेली. ती तर आजही जिवंत आहे. पिशवीला दोन टोकं असलेलं कवच तुम्ही फिस्टुलोसात मोजलंत, तर फिस्टुलोसा संपल्यानंतरच्या गाळातही ती तुम्हाला 'सापडत' राहील. खूण वर सरकेल. समजा गाळ हजार वर्षांना दोन सेंटीमीटर साठतोय आणि चुकीच्या व्याख्येने खूण दोन मीटर वर गेली. झाली एक लाख वर्षांची चूक. त्या काळात हिमयुगाची एक पूर्ण फेरी साधारण ४१ हजार वर्षांची होती, म्हणजे चूक दोन फेऱ्यांहूनही मोठी! म्हणजे तुमच्या मान्सूनच्या आलेखातलं शिखर कोणत्या फेरीत बसवायचं, हे एका बोटावर ठरलं.

चूक उलट्या दिशेनेही होते. बोटं पोकळ आणि नाजूक असतात. गाळात कॅल्साइट विरघळत असेल, किंवा आपण चाळणीवर पाण्याचा फवारा जोरात मारला, तर बोटं आधी तुटतात. मग तुटक्या बोटांची फिस्टुलोसा सॅक्युलिफरमध्ये मोजली जाते आणि खूण खाली सरकते. म्हणून शब्दांतली व्याख्या कितीही नेटकी असली तरी मला तिच्यासोबत दोन गोष्टी हव्याशा वाटतात: बोटांच्या संख्येची आणि ती कोणत्या कप्प्यांवर आहेत याची थेट नोंद, आणि मोडक्या कवचांचं प्रमाण. पहिल्याने व्याख्या बदलली तरी आकडे परत वापरता येतात. दुसऱ्याने वाचकाला कळतं की 'नाही' म्हणजे नव्हती की तुटली. तुम्ही वाचत असलेल्या कोणत्याही कालगणनेच्या निबंधात या दोन गोष्टी आहेत का, हे पाहायची सवय लावा. नसतील तर खुणेभोवती मनात एक जाड पट्टी काढून ठेवा.

आणि आता खिशातला आक्षेप बाहेर काढा. फिस्टुलोसासाठी ग्लोबिजेरिनॉइडेसेला हे वेगळं जीनस ठेवायची गरज काय? ते एल-नग्गर यांनी १९७१ मध्ये केलं होतं. पण पूल आणि वेड यांच्याच मांडणीत फिस्टुलोसा सॅक्युलिफरची थेट वंशज आहे. भिंत तीच, छिद्रं तीच, आणि दोघींमध्ये मधली रूपं इतकी की त्यांच्यासाठी निबंध लिहावा लागला. जिथे दोन जातींमधली रेषाच ओढताना इतके कष्ट पडतात, तिथे ती रेष जीनसची मानणं मला जड जातं. ऑर्ब्युलिनाला मी सूट दिली, कारण चेंडू होण्यात कवचाची सगळी रचना बदलली. इथे शेवटच्या काही कप्प्यांना बोटं फुटली, एवढंच. मी तिला ट्रायलोबॅटस फिस्टुलोसा म्हणणं पसंत करेन. समोरची बाजू म्हणेल की इतकं ठळक रूप आणि इतकी महत्त्वाची खूण, वेगळं जीनस असलं तर काय बिघडलं? बिघडत फारसं नाही. पण मग २०१५ मध्ये जीनस नात्यावरून ठरवायचं आणि २०१९ मध्ये ठळकपणावरून, या दोन कसोट्या एकाच गोतावळ्याला लावल्या जातात, आणि नवशिक्याला कोणती कसोटी आपली हे समजत नाही. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर खाली जरूर लिहा. माझं मत या बाबतीत दगडावरची रेघ नाही.

एक प्रश्न नेहमी येतो: "ताई, मला तर फक्त तापमान काढायचंय, मला या नावांशी काय?" आहे ना. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेपासून जगातल्या अनेक ठिकाणी रूबर आणि सॅक्युलिफरच्या कवचांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून आणि मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तरावरून जुन्या समुद्राचं तापमान आणि खारटपणा काढतात. सॅक्युलिफर आयुष्याच्या शेवटी खोल जातो, आणि युग्मकं सोडण्याआधी कवचावर कॅल्साइटचा आणखी एक थर चढवतो. खोल पाणी थंड, त्यामुळे त्या थरातली ऑक्सिजनची सही जड. म्हणून लॅबमध्ये 'पिशवी नसलेला सॅक्युलिफर, अमुक ते अमुक मायक्रॉन' असं लिहून ठेवतात. म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच असलेली दोन रूपं तापमानवाल्यांनाही वेगळी उचलावी लागतात! आणि रूबरच्या बाबतीत उलट: एका नावाखाली दोन वंशरेषा मिसळल्या तर सरासरी कोणाचीच नसते. नाव एक की चार, हा प्रश्न तुम्ही टाळलात तरी पिपेटमधल्या आकड्यात तो उतरतोच.

ओळखण्यातल्या मतभेदांबद्दलही भ्रम नको. अल-सबूनी, फेंटन, टेलफर्ड आणि कुचेरा यांनी २०१८ मध्ये जगभरातल्या अनुभवी अभ्यासकांना तीच ती आधुनिक कवचं ओळखायला दिली. सगळ्यांचं सगळ्यांवर एकमत झालं नाही, आणि बारीक आकाराच्या भागात ते आणखी घसरलं. म्हणजे सव्वाशे मायक्रॉनपासून मोजायचं की दीडशेपासून, हा निर्णय वर्गीकरणाचाही निर्णय आहे. यंत्रावर सोपवलं तर? २०१९ मध्ये 'एंडलेस फोरॅम्स' हा ३४ हजारांहून अधिक चित्रांचा संच आला आणि त्यावर शिकवलेल्या जाळ्याने ८७ टक्क्यांच्या आसपास अचूकता गाठली. उत्तम काम आहे, सरावासाठी जरूर वापरा. पण ती चित्रं आधुनिक जातींची आहेत आणि त्यांवरची नावं माणसांच्या एकमताने दिलेली आहेत. तिथे सॅक्युलिफर एकच. फिस्टुलोसा त्यात असण्याचा प्रश्नच नाही, ती संपून लाखो वर्षं झालीत. प्लायोसीनच्या गाळावर ते जाळं चालवलंत तर बोटं फुटलेल्या कवचालाही ते त्याला माहीत असलेलंच एखादं नाव देईल, आणि तेही आत्मविश्वासाने.

मग तक्त्यात काय लिहायचं? मी एकाच मोठ्या शीर्षकाखाली, म्हणजे 'सॅक्युलिफर गट', पाच उपरकाने करते: ट्रायलोबस, इमॅच्युरस, क्वाड्रिलोबॅटस, एक पिशवी, आणि एकाहून जास्त टोकं. शेवटच्या रकान्यात टोकांची संख्या आकड्यात लिहिते, त्याला फिस्टुलोसा म्हणायचं की नाही ते नंतर. बाजूला सहावा छोटा रकाना शेवटचा कप्पा तुटलेल्यांचा. असं कवच कोणत्याच नावात टाकत नाही, कारण चारही नावांची ओळख बहुतांशी त्या शेवटच्या कप्प्यावरच आहे. आणि प्रत्येक उपरकान्यातलं निदान एक कवच स्लाइडवर वेगळ्या चौकटीत डिंकाने चिकटवून, पोटाकडून, पाठीकडून आणि कडेने असे तीन फोटो काढून ठेवते. पहिल्या आठवड्यात हे कंटाळवाणं वाटतं. नमुना क्रमांक चाळीसच्या आसपास कधीतरी आपण इमॅच्युरसची रेष नकळत सरकवलेली असते, आणि पहिल्या नमुन्यातलं ते चिकटवलेलं कवच शेजारी ठेवल्याशिवाय ते कळायला दुसरा मार्ग नसतो.